पांढरा पट्टा

स्त्रीशक्ती आकाशातून दिसली पाहिजे, असा ठराव आमच्या पक्षाच्या प्रदेश महिला आघाडीने एकमताने मंजूर केला. आकाशातून म्हणजे ड्रोनमधून.

पक्ष राष्ट्रीय, आघाडी प्रदेशाची, मेळावा कोल्हापुरात. मी आघाडीची जिल्हा सरचिटणीस. तयारीची बैठक विश्रामगृहावर होती. पुण्याहून केतकीताई आल्या होत्या. मेळाव्याची सगळी आखणी त्यांच्याकडे. त्यांनी लॅपटॉप उघडून चित्र दाखवलं. मैदानात बायका अशा बसवायच्या की वरून पक्षाचा झेंडा दिसेल. वर तांबडा पट्टा, मध्ये पांढरा, खाली पुन्हा तांबडा. कोल्हापूरकरांना तांबडा-पांढरा समजावून सांगावा लागत नाही, असं कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या. मीही हसले.

मग मी उठले. माझ्याकडे एक ठराव होता. जिल्हा परिषदेत बायकांसाठी ज्या जागा राखीव असतात, त्यांवरची नावं महिला आघाडीनं सुचवावीत, जिल्ह्यातल्या पुरुष मंडळींनी नव्हे. एवढाच. शुद्ध भाषेत लिहून आणला होता. पण कुणी ऐकेना. दोघी चहाच्या कपात बिस्कीट बुडवत होत्या, एक फोनवर होती. मी चिडले. चिडले की माझी भाषा माझी परवानगी न घेता लहानपणीच्या शिवाजी पेठेत परत जाते.

मी म्हणाले, "बाई निवडून येतीया आणि कारभार नवरा करतोय. हे बंद झालं पायजे. आमास्नी बी अक्कल हाय."

केतकीताईंनी हात वर केला. "एक मिनिट, एक मिनिट. ते परत म्हणा ना. 'आमास्नी बी अक्कल हाय.' किती गोड! याचं रील होईल." आणि मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला.

खोली हसत होती. वाईट हसू नव्हतं ते. लहान मूल बोबडं बोललं की हसतात तसं.

आणि मी परत म्हटलं.

मोबाईलकडे बघून म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना जरा जास्तच गोड म्हटलं. कुणी माझा हात पिरगळला नव्हता. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. पोरं 'हाय' म्हणाली की त्यांना उभं करून दहा वेळा 'आहे' म्हणायला लावलं. आता माझ्या अर्ध्या वयाच्या बाईनं मला 'हाय' म्हणायला लावलं, आणि मी उभी राहून म्हटलं.

"तो ठराव आपण मेळाव्यातच घेऊ," केतकीताई म्हणाल्या. "मेळावा मस्त होऊ दे आधी. तुम्ही असं करा, रंग बघा. तुमचा बायकांशी कनेक्ट आहे."

मला बॅज मिळाला. रंगप्रमुख.

त्याच वेळी पिशवी उचलून घरी यायला हवं होतं. आले नाही. ठराव मांडायचा तर आत राहायला हवं, असं मी मला समजावलं. वाचणाऱ्या माणसाचं हे एक वाईट असतं. स्वतःला पटवण्यासाठी त्याच्याकडे शब्द कमी पडत नाहीत.

साड्यांचे गठ्ठे माझ्या घरी उतरले. तांबड्या भराभर गेल्या. पांढऱ्या होत्या तशाच राहिल्या. पांढऱ्याशुभ्र, काठाला बारीकशी तांबडी रेघ. गल्लीतल्या, आजूबाजूच्या पेठांतल्या बायका यायच्या, हात लावायच्या, पोत बघायच्या आणि मागं सरायच्या.

"पांढरी? न्हाय बा वैनी. माझा नवरा जित्ता हाय अजून."

"हाय खरं, पर काय उपेग हाय त्याचा?" शेजारची म्हणाली.

"उपेग असू दे न्हायतर नसू दे. पांढरी नगं."

एक कॉलेजात शिकवणारी होती. ती म्हणाली, "मॅडम, मी असलं काही मानत नाही. पण सासूबाई आहेत ना." सासूबाई फार कामाच्या असतात. आपल्याला जे मानायचं असतं ते त्यांच्या नावावर टाकता येतं.

मला तर सासूही उरलेली नाही. तरी मी स्वतःसाठी तांबडीच काढून ठेवली. रंगप्रमुख मैदानात ठळक दिसायला हवी, असं कारण मी तयार केलं होतं. ते मला कुणी विचारलं नाही.

केतकीताईंचे फोन सुरू झाले. "पांढऱ्याचं काय? मधला पट्टाच नसेल तर तो झेंडा कसला?"

मग मला सुचलं. दळण निवडताना सुचलं, सहज, आणि सुचल्याचा आनंदही झाला. ते आता आठवलं की जेवणावरची वासना जाते.

पांढरीला कोण नाही म्हणणार नाही? जिचा नवरा नाही ती.

अशा बायका मला पाठ होत्या. त्याचं कारण चांगलं होतं, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. काही वर्षांमागं मी आघाडीतर्फे जिल्ह्यातल्या विधवा बायकांचं हळदीकुंकू घेतलं होतं. घरोघरी जाऊन त्यांना आणलं होतं. भाषण केलं होतं, की आजपासून कुणीही कुणाला बाजूला बसवायचं नाही. टाळ्या पडल्या होत्या. त्याच बायकांना मी आता फोन लावले. नंतर ज्यांचे नवरे गेले, त्यांनाही. एकेकीला वेगळा. एकीला दुसरीचं नाव कळू दिलं नाही.

"पांढरा शांततेचा रंग," मी सांगितलं. "झेंड्याच्या मधोमध बसायचं. मानाची जागा आहे."

कुणी फार विचारलं नाही. फोन ठेवताना प्रत्येकीचा एकच प्रश्न असायचा, "तुमी हाय न्हवं तितं?"

"आहे की," मी म्हणायची.

पांढऱ्या साड्या संपल्या. केतकीताईंनी विचारलं, कसं जमवलंत? मी सांगितलं.  त्या म्हणाल्या, "ब्रिलियंट. पण हे कुणाला बोलू नका हं."

म्हणजे त्यांनाही कळलं होतं. आणि मला त्यातलं 'ब्रिलियंट' तेवढं ऐकू आलं.

आता मालनचं सांगते.

मालन आणि मी एका गल्लीत वाढलो. मी शिकले, ती शिकली नाही, एवढाच फरक. तिचं चटणी कांडपाचं यंत्र आहे. उन्हाळ्यात अर्धी पेठ तिच्याकडं मिरच्या घेऊन रांगेत असते. तिच्या भुवयांवर, कानाच्या पाळीवर, नखांत कायम तिखट. तिचा नवरा गेला तेव्हा बायका तिच्या बांगड्या फोडायला पुढं झाल्या होत्या. मी मध्ये उभी राहिले. म्हणाले, हात लावायचा नाही. भांडले. तिच्या हातात बांगड्या राहिल्या. वर्षभरानं ती हिरवी साडी नेसून माझ्या दारात आली आणि म्हणाली, "बघ, नेसलो. तुझ्या जिवावर नेसलो." त्या हळदीकुंकवात पहिलं कुंकू मी तिलाच लावलं होतं.

ती साडी न्यायला आली.

"पांढरी?"

"झेंड्याचा रंग गं."

"तुजी कुठली?"

"तांबडी."

"मग मला बी तांबडीच दे की. तसं बी माझ्या अंगावर दुसरं काय असतंय?"

"संपल्या तांबड्या."

कॉटखाली होत्या. तिच्या पायापासून हातभर अंतरावर.

तिनं साडी उलटसुलट केली. माझ्याकडं बघितलं. तिला काही कळलं का, ते मला अजून सांगता येणार नाही. घडी काखेत मारून म्हणाली, "नेसतो. तू म्हणतीस म्हणून."

मेळाव्याच्या दिवशी मैदान सकाळीच भरलं. हलग्या कडाडत होत्या. प्रदेशाच्या पाहुण्या बायकांना फेटे बांधायचं काम चाललं होतं. फेटा बांधला की कुणाचाही चेहरा इतिहासाच्या पुस्तकातला दिसतो, त्यामुळे सगळ्या एकमेकींचे फोटो काढत होत्या. व्यासपीठावर मांडव होता. मैदानावर नव्हता, कारण मांडवातून झेंडा दिसत नाही. छत्र्या फाटकावरच काढून घेतल्या होत्या. डोक्यावर ऊन, खाली तापलेलं जाजम. माझ्या हातात बिनवायरचा माईक होता. मी तांबडी साडी नेसून पट्ट्यांच्या मधून फिरत होते. जरा डावीकडे सरका. पदर डोक्यावरून घेऊ नका. वर बघा. हसा.

आणि त्या हसत होत्या.

ड्रोन उडाला. केतकीताई व्यासपीठाशेजारी पडद्यावर बघत होत्या. त्यांनी लांबून अंगठा दाखवला. मला बरं वाटलं. ठराव माझ्या पर्समध्ये होता.

साहेब आले. साहेब म्हणजे पक्षाचे प्रदेशाचे पुढारी. महिला आघाडीच्या मेळाव्यात मार्गदर्शन करायला पुरुष लागतो, ही आमच्याकडची जुनी सोय आहे. निवेदिकेनं आवाज चढवला, "साहेबांच्या औक्षणासाठी सुवासिनी भगिनींनी पुढे यावं!"

पुढचा तांबडा पट्टा उठला. ताटं तयारच होती. मागच्या तांबड्यातल्याही बहुतेक उठल्या. पांढऱ्यात एकच मुलगी उठली. नेसरीची, तरुण, एका दवाखान्यात नर्स होती. नवरा गेल्याला फार दिवस झाले नव्हते. सवयीनं उठली असेल. अर्धी उभी राहिली आणि तिथंच अडकली.

केतकीताई लांबून ओरडल्या, "पांढरा हलतोय! बसवा त्यांना!"

मी माईक तोंडाशी नेला आणि म्हणाले, "पांढऱ्या पट्ट्यातल्या भगिनींनी कृपया आपापल्या जागेवर बसून राहावं."

शुद्ध मराठीत. एकही 'हाय' न घालता. कर्ण्यांतून ते मैदानभर घुमलं.

ती मुलगी खाली बसली. बसता बसता तिनं शेजारणीकडं बघितलं. शेजारणीनं तिच्याकडं. मग माना वळायला लागल्या. पुढच्या रांगेतून मागं, या टोकाकडून त्या टोकाकडं. तांबडं उठून गेलं होतं, त्यामुळे मधला पट्टा आता एकटाच उरला होता. आतापर्यंत प्रत्येकीला आपल्या अंगावरची एक साडी माहीत होती. आता सगळ्यांना सगळ्या दिसल्या.

हातकणंगल्याकडची एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अगं बया. ह्या तर समद्या आमच्यातल्याच की."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग तेही थांबलं.

मालन माझ्यापासून दोन हातांवर होती. मांडी घालून, पाठ ताठ, माझ्याकडं बघत. ओरडली नाही. नेहमीच्या आवाजात बोलली.

"व्हय गं, हुडकून हुडकून बसीवलंस?"

माईक चालूच होता. माझ्या हातात, तिच्या तोंडासमोर. तिचा प्रश्न कर्ण्यांवरून मैदानभर गेला. हलगी थांबली. औक्षणाच्या रांगेतल्या बायकांनी ताटं धरून मागं बघितलं.

माझ्याकडं उत्तरं होती. शांततेचा रंग. मानाची जागा. पक्षशिस्त. ती सगळी तोंडापर्यंत आली. मी मालनच्या भुवईकडं बघत होते. धुऊनपुसून आली होती, तरी तिथं तिखटाचा एक कण राहिला होता. घामानं तो डोळ्याकडं उतरत होता आणि ती डोळा चोळत नव्हती.

"व्हय," मी म्हणाले.

एकदा ते निघालं आणि मग बाकीचं अडवता येईना.

"व्हय. मी हुडकून बसीवलं. पांढरी कोण घेईना, मी बी घेतली न्हाय, म्हणून तुमास्नी फोन केले. मान-बिन काय न्हवता. तुमास्नी सांगितलं न्हाय. चूक माझी हाय. उठा आता. कुणी बसू नका हितं."

केतकीताई फेटा सावरत धावत आल्या. "काय चाललंय हे? माईक द्या इकडे. तो झेंडा आहे!"

"झेंडा न्हाय. बायका हाईत त्या."

"मॅडम, ही बोलायची जागा आहे का?"

"बोलायची जागा तुमी दिली न्हाईसा. रंग दिलासा."

त्यांनी माईक ओढून घेतला. मी सोडला. या वेळी परत म्हणा, असं कुणी म्हणालं नाही.

आणि मग काय झालं? फार काही झालं नाही. ती नेसरीची मुलगी पहिली उठली, चप्पल शोधली आणि फाटकाकडं गेली. तिच्यामागं काही गेल्या. काही मैदानाच्या कडेला झाडाखाली जाऊन बसल्या. काही उठल्याच नाहीत. ती हातकणंगल्याची म्हातारी मला म्हणाली, "मागारी जायची गाडी जेवणानंतर हाय न्हवं? मग उठून कुठं जाऊ?" आणि तिथंच बसून राहिली. एक म्हणाली, तिला साडी आवडलीय. औक्षण पुढं सुरू झालं. साहेबांना काय घडलं ते कुणी सांगितलं नसावं. त्यांनी व्यासपीठावर चढून समोरच्या समुदायाला हात जोडले. समोर बरंचसं नुसतं जाजम होतं.

मालन कधी गेली ते मला दिसलं नाही.

माझा ठराव आला नाही. मी मांडलाही नाही. पर्समधून काढायची लाज वाटली. नवऱ्यानं बायकोच्या जागी बसू नये, असं मी कोणत्या तोंडानं सांगणार होते? मी तर एवढ्या बायकांच्या जागी बसून त्यांचं 'हो' परस्पर म्हणून टाकलं होतं.

आठवड्यानं मालनकडं गेले. यंत्र चालू होतं. दारातच ठसका लागला. पांढरी साडी फाडून तिनं यंत्र पुसायला घेतली होती. ती आता चांगली तांबडी झाली होती. मालननं यंत्र बंद केलं नाही, म्हणून मला ओरडून बोलावं लागलं. माफी ओरडून मागायला फार विचित्र वाटतं.

"माफी मागाय आले."

"माग."

"चुकलं माझं."

"झालं?"

 तिनं सुपातल्या मिरच्या यंत्रात ओतल्या, हात झटकले आणि मगच बटण बंद केलं. एकदम शांत झालं.

"माईकवर बस म्हणालीस, बसलो. मग उठा म्हणालीस. निम्म्या उठल्या. त्यात तुला लई मोठं काय केल्यागत वाटलं असंल."

"न्हाय गं."

"वाटलंच असंल. मला ठाव हाईस तू." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "माझा नवरा मेला तवा बांगड्या फोडू दिल्या न्हाईस. मला वाटलं, हिला माझ्या हाताची काळजी हाय. आता कळलं. तुला आडवायला बी आवडतंय आणि बसवायला बी. ती पुण्याची बाई आणि तू, काय निराळं सांग?"

तिनं रिकामं सूप पुन्हा मिरच्यांनी भरून घेतलं.

"ती निदान आमाला वळखत न्हवती," मालन म्हणाली आणि यंत्र चालू केलं.

बाहेर चटणीची गिऱ्हाइकं उभी होती. त्यांतल्या एकीनं मला विचारलं, "काय मॅडम, पुढचा कारेक्रम कवा?" मी शिंकत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या दारात कुणाच्याही डोळ्यांतून वाहतं, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

त्या बैठकीत केतकीताईंनी माझ्या तोंडून जे वदवून घेतलं, तो अपमान मी कित्येक दिवस मनात घोळवत राहिले. आता तो घोळवत नाही. तो माझ्याजवळ थांबलाच नव्हता. मी तो गोड आवाजात, फोनवरून, एकेकीला वाटून टाकला होता. वरून आलेलं खाली सरकवायचं, एवढंच काम आमच्या आघाडीत जिल्हा पातळीवर असतं, आणि मी ते चोख करत होते. माझा राग केतकीताईंवर होता. माझा गुन्हा मालनकडं होता. या दोन गोष्टी मी बरेच दिवस एकच समजत होते.

मालनकडं परत माफी मागायला जाणार नाही. ती मागून मला हलकं व्हायचं होतं. मला हलकं करणं हे तिचं काम नाही. मिरच्या असतील तेव्हा रांगेत उभी राहीन, इतरांसारखी, माझी पाळी येईपर्यंत.

आणि बायका गोळा करणार नाही. कुठल्याही मैदानासाठी, कुठल्याही साहेबासाठी, कितीही चांगल्या कारणासाठी. चांगल्या कारणासाठी तर मुळीच नाही. ठराव मांडायचा असेल तर मी एकटी जाईन आणि माझ्या तोंडानं मांडीन. हसले तर हसू देत. माझ्यामागं कुणाला नेऊन बसवणार नाही. गर्दी नसलेल्या बाईला पक्षात काय किंमत मोजावी लागते, ते मला माहीत आहे. ती मोजून झाली आहे.

राजीनामा मी त्याच आठवड्यात पाठवला. त्यावर उत्तर आलेलं नाही. पक्षाच्या संकेतस्थळावर जिल्हा सरचिटणीस म्हणून अजून माझंच नाव आहे. नावाशेजारचा फोटो दुसऱ्याच कुठल्यातरी बाईचा आहे.